दोन रेघा जास्तीच्या

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती घडीभर एका जागी ठरायची नाही, म्हणून आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी लागलीय." पुढे बाकीचं सगळं गळून गेलं आणि नुसती भिंगरी उरली. माहेरी भिंगरी, सासरी भिंगरी, कामावर भिंगरीताई. त्रेचाळिशी आली तरी फरक नाही. बसली तर गुडघा हलायचा, गुडघा दाबून धरला तर बोटं चाळा शोधायची. एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघताना तिनं तिथल्या दाराची करकरणारी बिजागरी केसातल्या पिनेनं साफ करून दिली. आत गेल्यावर डॉक्टरनं विचारलं, काय होतंय, तर क्षणभर तिला आठवेचना.

अशी बाई एकोणीस वर्षं एकाच यंत्रासमोर उभी राहिली, हे नवलच. यंत्र लेथचं. लोखंडाची कांब त्यात गरगर फिरते, समोरून धारदार टूल पुढे सरकवायचं, आणि बटाट्याची साल निघावी तसा कीस निघत निघत कांब हव्या त्या मापाची होते. "फिरायचं काम कांब करते," ती म्हणायची, "म्हणून मला उभं राहता येतं."

कारखाना पंप दुरुस्तीचा. एक लांबट शेड, चार यंत्रं, मालकाची काचेची खोली आणि दाराशी भांडार. भिंगरी आली ती भांडारात. बोल्ट नि वॉशर मोजून द्यायचे, संध्याकाळी झाडू मारायचा. भांडाराच्या खिडकीमागे एक स्टूल होतं. त्या स्टुलावर काढलेली दोन वर्षं तिला जन्मठेपेसारखी आठवत. खिडकीतून समोर लेथ दिसायचा. त्यावर फोरमनकाका उभे असायचे, शिडशिडीत आणि मोजून बोलणारे. आपल्या प्रत्येक हत्यारावर त्यांनी निळ्या रंगाचा ठिपका दिलेला होता आणि त्या ठिपक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

एक दिवस तापलेला कीस उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, नजर अधू झाली. यंत्राच्या हँडलवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी शेडभर बघितलं आणि भांडाराच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरी, तुझे डोळे बरे आहेत ना? चल, मला रेघा वाचून दाखव."

आधी तिनं रेघा वाचल्या, मग हँडल धरलं, मग टूल लावलं. वर्षभरानं काका मागे उभे राहायचे आणि लेथ ती चालवायची. काकांचा डोळा पुढे थोडा सुधारला, पण तोवर यंत्र तिचं झालं होतं. तेव्हा त्यांनी तिला एक गुपित दिलं.

लेथच्या हँडलला रेघांची चकती असते. एक रेघ पुढे गेलं की कांब दोन शतांश बारीक होते, म्हणजे मिलिमीटरचे शंभर तुकडे केले तर त्यातले दोन. हिशेब सरळ आहे. पण हा लेथ जुना होता, त्याला सगळे म्हातारी म्हणत, आणि म्हातारी चकतीवर दाखवायची तितकं कापायची नाही.

"म्हातारी दोन रेघा खाते," काका हळूच म्हणाले. "शेवटच्या कटाला तिला दोन रेघा जास्तीच्या द्यायच्या. हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्या कानाला नको."

भिंगरीनं ते जिवापाड जपलं. दुसरं कुणी म्हातारीला हात लावायला आलं की माप चुकवून, कान पाडून परत जायचं, आणि भिंगरी मनातल्या मनात खुदकन हसायची. दोन रेघा द्यायच्या हे पुढे आठवावंही लागेना. हात आपोआप द्यायचा.

एवढं सगळं होतं, पण सही नव्हती.

तयार झालेल्या प्रत्येक शाफ्टला, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याला, एक पुठ्ठ्याचं कार्ड तारेनं बांधलेलं असे. कार्डावर एकच ओळ: "मापात आहे" आणि पुढे सही. सही करायचा हक्क फक्त शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्या टर्नरला, म्हणजे लेथच्या कारागिराला. फोरमनकाकांनी तरुणपणी पाच वर्षांची उमेदवारी केली होती, म्हणून सही त्यांची. एकोणीस वर्षांत भिंगरीनं किती शाफ्ट केले याची गणतीच नाही. पाणीपुरवठ्याचे पंप तिच्या शाफ्टवर फिरत होते, निम्म्या गावाच्या नळाला येणारं पाणी तिच्या हातून गेलं म्हणा ना. पण कागदोपत्री ती भांडारातली बाई होती. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हे जगात नवीन नाही. ज्याला सोसावं लागतं त्याला मात्र ते रोज नवीन असतं.

आता काका निवृत्त व्हायला एकवीस महिने उरले होते. मालकांनी काचेच्या खोलीत बोलावून सांगितलं, "काका गेले की सही कोण करणार? बिनसहीचा माल कुणी घेत नाही. मला प्रमाणपत्रवाला माणूस आणावा लागेल, आणि म्हातारी त्याच्या ताब्यात द्यावी लागेल. तुमची जागा आहेच की, भांडारात."

भांडार म्हणताच तिच्या डोळ्यांसमोर ते स्टूल आलं.

"मीच उमेदवारी केली तर?" ती म्हणाली.

"चार वर्षं लागतात, ताई."

पण चौकशी करणं हा तिचा स्वभावच. तिनं प्रशिक्षण केंद्रात तीन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेला तिथल्या कारकुनानं वैतागून एक पत्रक हातात ठेवलं. अनुभवी प्रौढांसाठी उमेदवारी दीड वर्षाची. अट एकच: आधी परीक्षकासमोर एक शाफ्ट मापात करून दाखवायचा. दीड वर्ष म्हणजे अठरा महिने. काकांचे उरले होते एकवीस. भिंगरीनं पत्रक घडी करून पिशवीत टाकलं, रस्त्यात दोनदा काढून वाचलं, आणि बसमध्ये जागा रिकामी असून घरापर्यंत उभीच राहिली.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "दीड वर्ष? मी पाच वर्षं घासली. पहिलं वर्ष तर नुसता कीस झाडला. आणि आता दीड वर्षात टर्नर?"

"मग एकोणीस वर्षं मी काय माशा मारत होते, काका?"

काकांनी अर्ज पुढे ओढला. त्यावर शिफारशीची सही केली.

परीक्षेच्या दिवशी केंद्रातला लेथ बघून ती बिचकली. नवा कोरा, राखाडी, हँडल लोण्यासारखं फिरणारं. परीक्षक एक चष्मेवाली तरुण बाई होती, भिंगरीच्या लेकीच्या वयाची. सगळे तिला मॅडम म्हणत होते. काम साधं होतं: कांब पंचवीस मिलिमीटरवर आणायची. दोन शतांश कमी चालतील, त्याहून जास्त कमी नाही.

पहिला कट दिला, मोजला, आणि भिंगरीला कळलं की हे यंत्र काही खात नाही. जेवढं सांगाल तेवढंच कापतं. तिनं स्वतःला बजावलं, ही म्हातारी नाही, ही प्रामाणिक आहे. दुसरा कट बरोबर, तिसरा बरोबर. मग शेवटचा कट आला. आजूबाजूला तिघं जण वाट बघत होते, मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, भिंगरीचा एक पाय आतून नुसता उडत होता. हातानं हँडल धरलं, चकती हव्या त्या रेघेवर आणली, आणि तिच्याही नकळत दोन रेघा पुढे सरकवली.

टूल कांबेवरून निम्म्यात गेलं तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं. आता थांबवून उपयोग नव्हता. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

"झालं, ताई?" मॅडमनी विचारलं.

"झालं. पण बिघडलं. चार शतांश कमी भरेल."

"मोजलंत कुठे तुम्ही?"

"मोजा तुम्ही."

मॅडमनी मायक्रोमीटर लावला. चष्मा वर करून मायक्रोमीटर परत लावला. तिसऱ्यांदाही तेच: चोवीस पूर्णांक शहाण्णव. बरोबर चार शतांश कमी. मॅडम शाफ्ट सोडून भिंगरीकडेच बघत राहिल्या.

"तुम्हाला काम येतं, हे मला दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या कागदावर 'मापात' आणि 'मापात नाही' अशा दोनच चौकटी आहेत. महिन्यानं एक संधी आणखी मिळते. तेव्हाही चुकलं तर दीड वर्षाचं विसरा, चार वर्षांच्या वर्गात नाव घालावं लागेल."

तो महिना भिंगरीनं कसा काढला हे तिच्या घरच्यांनाच ठाऊक. भांडी दोनदा घासली जायची. कपाट आवरलं, मग परत विस्कटून आवरलं. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. ती येता-जाता त्याच्या मशीनचं चाक उगाच फिरवून जायची आणि त्याचा दोरा तुटायचा.

"अगं, माझ्या पोटावर का उठलीस?" तो म्हणाला. "बस जरा."

"बसवत नाही."

"इतकं काय त्यात? चार केसांएवढा फरक. आम्ही शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवतो. गिऱ्हाईक सुटलं की शिवण सोडायची."

"लोखंडात दाबायला जागा नसते, अहो. आणि केस नका म्हणू, एका केसापेक्षाही कमी आहे ते."

"बरं बाई, एक केस. मग नको देऊस त्या दोन रेघा."

"इथेच तर घोडं पेंड खातंय! दिवसभर म्हातारीवर दोन रेघा द्यायच्या, नाहीतर शाफ्ट बिघडतो. आणि परीक्षेला द्यायच्या नाहीत. हाताला काय कळतं आज सोमवार आहे की परीक्षा?"

शिंप्यानं तुटलेला दोरा सुईत ओवला. "माझं मशीन टाके सोडायला लागलं तर मी मशीन दुरुस्त करतो. तुम्ही तिथे हातच वाकडा शिकवून ठेवलाय."

एकोणीस वर्षं ज्या कारखान्यात दुसऱ्यांचे पंप दुरुस्त होत होते, तिथे आपलं यंत्र दुरुस्त करावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्याही नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ती स्वतःवरच इतकी चिडली की नवऱ्याची कात्री उचलून चिंध्या कापत बसली. निदान बसली तरी, असं तो नंतर सांगायचा.

शनिवारी कारखाना दुपारी सुटे. सगळे गेल्यावर भिंगरी मागे राहिली, पाने घेतले आणि म्हातारीच्या टूल सरकवणाऱ्या भागाची बाजू उघडली. वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस चिंधीनं पुसलं. आत एक लोखंडी पट्टी असते, तीन स्क्रूंनी आवळलेली. ती सैल झाली की कापताना टूल मागे ढकललं जातं, आणि तेवढं माप खाल्लं जातं. पट्टी झिजली असेल, बदलावी लागेल, अशी तिची अटकळ होती.

पट्टी धडधाकट होती. तिन्ही स्क्रू मात्र सैल होते. पुन्हा आवळले जाऊ नयेत म्हणून तिन्हींवर रंगाचा जाड थेंब सोडून ते बसवून टाकले होते. तिनं नखानं ग्रीस खरवडलं. रंग निळा होता.

ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. हलली नाही, बोटांनी चाळा केला नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

म्हातारी कधी काही खात नव्हतीच. तिला खायला लावलं होतं. ज्याला आपण जिवापाड जपलं ते गुपित म्हणजे तीन सैल स्क्रू. भिंगरीला आधी लाज वाटली आणि मग संताप आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं.

डबा विसरला म्हणून काका परत आले ते नेमके तेव्हाच. उघडी बाजू बघून दारातच थबकले.

"हे कुणी केलं, काका?"

काकांनी डब्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. "तू यायच्या आधीचं आहे," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा जुने मालक होते. माझ्या जागी एक तरुण पोरगा आणणार होते. दोन वर्षांचा कोर्स केलेला. मी पाच वर्षं घासलेला माणूस. म्हटलं, ये बाबा. चार दिवसांत सहा शाफ्ट बिघडवून पळाला तो. मग कुणी नाव काढलं नाही."

"आणि मला?"

"तुला शिकवलं की."

"वाकडं शिकवलंत! त्या पायी मी परीक्षेत आपटले. तुम्हाला कळलं होतं मी का चुकले ते. पंधरा दिवस तोंडात गुळणी धरून बसलात!"

काका स्टुलावर बसले. त्याच भांडाराच्या स्टुलावर. "हे आवळलं की म्हातारी कुणालाही चालवता येईल," ते म्हणाले. "तुझ्याही हातून जाईल, पोरी. याचा विचार केलास?"

हा विचार तिनं केला नव्हता. तिनं तो आता केला, तिथेच उभ्या उभ्या. प्रमाणपत्रवाला माणूस येईल आणि पहिल्याच दिवशी मापात काम करेल. आपण परीक्षेत पुन्हा चुकलो, तर आपल्याकडे दोन रेघाही उरणार नाहीत. हातात पाना होता आणि हात शिवशिवत होता. सैल राहू दिलं तर निदान उद्यापुरती तरी म्हातारी तिची होती.

तिनं पाना काकांसमोर धरला. "तुम्ही सोडलेत, तुम्हीच आवळा."

काकांना तो पाना धरायलाच वेळ लागला. मग उठले. निळे थेंब टोकरून काढले, एकेक स्क्रू अर्धा अर्धा फेरा आवळला, मध्ये हँडल फिरवून बघितलं, पुन्हा आवळला. अधू डोळ्यामुळे त्यांना स्क्रूचं डोकं सापडेना तेव्हा भिंगरीनं बोट लावून दाखवलं. काका डबा न घेताच निघून गेले.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा काका आधीच म्हातारीवर उभे होते. एक शाफ्ट लावलेला, शेवटचा कट चाललेला. कट संपला, त्यांनी यंत्र बंद केलं, मापलं आणि शाफ्ट तिच्याकडे केला. तिनं मायक्रोमीटर लावला. चार शतांश कमी.

"माझ्या हातानंच आवळलं परवा," काका म्हणाले, "आणि तोच हात दोन रेघा देऊन मोकळा झाला." त्यांनी शाफ्ट भंगारात टाकला. तो पडल्याचा आवाज शेडभर घुमला. "तुझ्या हाताला काय झालं होतं ते आता कळलं. चल, ये इकडे. पंधरा दिवस आहेत. मी शेजारी उभा राहतो. दोन रेघा दिल्यास की बोटांवर फटका."

आणि खरोखर त्यांनी फटके मारले, लाकडी पट्टीनं, हलकेच. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी सात. मधल्या एका दिवशी पुन्हा अकरा, कारण आदल्या दिवशी घरी भांडण झालं होतं. भंगाराची पेटी भरत गेली आणि मालक काचेतून बघून डोक्याला हात लावत राहिले. शेवटच्या दिवशी एक.

त्या एकानं तिची झोप उडवली. मग परीक्षेचा दिवस उजाडला. शेवटचा कट आला. चकती हव्या त्या रेघेवर आली आणि तिथेच तिनं हँडलवरून हात काढून पाठीमागे नेला, दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि टूल आपोआप पुढे जाताना नुसती बघत राहिली. पुढची दोन मिनिटं ती ज्या जागी उभी होती तिथून तसूभर हलली नाही. मॅडमनी मोजलं आणि 'मापात'च्या चौकटीत खूण केली.

उमेदवारीबरोबर एक जाड वही मिळते. रोजचं काम त्यात लिहायचं. पानाच्या खाली दोन ओळी: वरची "काम करणार", खालची "तपासणार". पहिल्या आठवड्याच्या शेवटी भिंगरीनं वही म्हातारीच्या कडेवर उघडली. पानावर एकच शाफ्ट लिहिलेला होता, पाणीपुरवठ्याच्या पंपाचा. काकांनी खिशातलं पेन काढलं, बरा डोळा पानाजवळ नेला, आणि त्यांचा हात एकोणीस वर्षांच्या सवयीनं सरळ वरच्या ओळीवर गेला.

पेन टेकलं.

काका थांबले. कागदावर शाईचा एक ठिपका उमटला होता, निळाच. त्यांनी पेन उचललं, खालच्या ओळीवर आपली सही केली, आणि पेन उलटं करून तिच्या हातात दिलं.

"तिथे डाग पडला, पोरी," ते म्हणाले. "पान बदलू का?"

"राहू द्या," भिंगरी म्हणाली, आणि त्या ठिपक्यावरूनच तिनं आपलं नाव लिहिलं.